चितळकरांच्या तबकड्या आणि जाझचें संगीत

इतिहासविषयक भाषणांत ग्रामोफोनच्या तबकड्यांना, आणि त्यांतही बोलपटांतील चटकदार गाण्यांच्या तबकड्यांना जागा मिळावी, याचें आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. इतिहास म्हटला कीं ताम्रपट, सनदा, बखरी आणि शिलालेख हीं साधनें आपल्या डोळ्यांपुढें येतात. लग्नाच्या मांडवांत कर्ण्यावरून वाजणारीं गाणीं कोणी साधनांत धरीत नाहीं. परंतु ज्या वस्तूवर तिच्या काळाचा ठसा उमटलेला असतो आणि जी शंभर वर्षांनींही तीच साक्ष देते, ती वस्तु इतिहासाचें साधन ठरते. या कसोटीस तबकडी पुरेपूर उतरते. तिच्या खांचांत जो आवाज एकदां शिरला तो तेथें जसाच्या तसा राहतो. तिच्या मध्यभागीं चिकटविलेला गोल कागद मात्र तितका विश्वसनीय नसतो. त्यावर कोणाचें नांव छापावें आणि कोणाचें वगळावें हें माणसें ठरवितात. आज मला आपणांस जें सांगावयाचें आहे तें या दोहोंमधील अंतराविषयीं आहे.

विषय आहे गायक चितळकर यांच्या तबकड्यांचा. संगीतदिग्दर्शक सी. रामचंद्र या नांवानें जे गृहस्थ देशभर प्रसिद्ध झाले, तेच स्वतः गातांना 'चितळकर' एवढेंच नांव लावीत. १९४७ पासून पुढील सुमारें आठ-दहा वर्षांत त्यांनीं अमेरिकन जाझच्या वळणाचीं जीं गाणीं रचलीं आणि त्यांपैकीं जीं स्वतःच्या आवाजांत गायिलीं, त्यांनीं आपल्या लोकांचा कान बदलला. हा इतिहास घडला मुंबईस. पण त्याचा एक धागा नागपुरास आणि दुसरा थेट अमरावतीस जाऊन पोंचतो. म्हणून वऱ्हाडच्या माणसानें तो मुद्दाम जाणून घ्यावा.

प्रथम तबकडी ही काय वस्तु होती तें पाहूं. ती लाखेची असे. झाडांवरील किड्यांपासून मिळणारी ही लाख मुख्यतः आपल्याच देशांत, छोटा नागपूरच्या जंगलांत होई. दहा इंच व्यासाची तबकडी मिनिटास ७८ फेरे घेई आणि एका बाजूस जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटें चाले. जो गवई एक राग तासभर गाणार, त्यानें तो तीन मिनिटांत आटोपावयाचा, ही शिक्षाच होती. हिंदुस्थानांतील पहिलें मोठें ध्वनिमुद्रण १९०२ सालीं कलकत्त्यास झालें. तेव्हां गोहरजान या गायिकेनें हें तंत्र प्रथम आत्मसात केलें. गाणें संपतांच ती स्वतःचें नांव इंग्रजींत मोठ्यानें उच्चारी. तबकड्या जर्मनींतील हॅनोव्हर येथें तयार होऊन येत. तेथील कारागिरांस कोणता आवाज कोणाचा हें कळावें, हा त्यांतील हेतु होता. गायिकेचें नांव कागदावर चुकलें तरी आवाजांतून हरवणार नाहीं, अशी ती व्यवस्था होती. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

त्या काळीं गायकास मोठ्या कर्ण्यांत तोंड घालून खच्चून गावें लागे. १९२५ च्या सुमारास विजेचा ध्वनिग्राहक, म्हणजे मायक्रोफोन, आला आणि गाण्याची रीतच पालटली. कुजबुजल्यासारखा, बोलल्यासारखा, हंसत हंसत काढलेला आवाजही आतां तबकडीवर उमटूं लागला. नाटकगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोंचविण्याची ज्याची ताकद नाहीं, पण ज्याच्या आवाजांत लाघव आहे, अशा गायकास प्रथमच जागा मिळाली. चितळकर हे या यंत्राचे गायक होत. त्यांचा आवाज पातळ, मोकळा आणि बोलका होता. बालगंधर्व किंवा मास्टर दीनानाथ यांच्या शेजारीं तो ठेवून पाहणें हा त्यावर अन्याय होईल. कारण तो वेगळ्याच कामासाठीं घडला होता.

आतां जाझविषयीं थोडें. हें संगीत अमेरिकेच्या दक्षिण भागांत, विशेषतः न्यू ऑर्लिन्स शहरांत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभीं आकारास आलें. तें निर्माण करणारे लोक आफ्रिकेंतून धरून आणलेल्या गुलामांचे वंशज होते. त्यांचे बापजादे कापसाच्या शेतांत राबले आणि त्या शेतांतील हांका, भजनें व दुःखाचीं गाणीं हेंच या संगीताचें बियाणें. येथें वऱ्हाडच्या श्रोत्यांनीं क्षणभर थांबावें. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत गुलामगिरीच्या प्रश्नावरून यादवी युद्ध पेटलें, तिकडील कापूस येईनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या आपल्या वऱ्हाडच्या कापसाकडे वळल्या. अमरावती, अकोला आणि खामगांव येथील बाजार त्या वर्षांत फुलले. युद्ध संपतांच भाव कोसळले. १८६७ सालीं मुंबईची रेल्वे वऱ्हाडांतून नागपुरास पोंचली ती पुष्कळशी या कापसासाठींच. म्हणजे ज्या काळ्या मातींतून आपली बाजरी-ज्वारी मागें पडून कापूस पुढें आला, तिचा आणि मिसिसिपी नदीकांठच्या त्या शेतांचा हिशेब एकाच वहींत मांडला जात होता. तिकडील माणसांचें गाणें पुढें आपल्या कानांवर पडलें, तेव्हां तें वाटलें तितकें दूरचें नव्हतें.

जाझची बांधणी सामान्य श्रोत्यास समजेल अशी सांगतां येते. एक तर त्यांत ठोका जेथें अपेक्षित असतो तेथें न पडतां किंचित आधीं किंवा मागाहून पडतो, आणि त्यामुळें ऐकणाराचा पाय आपोआप हलूं लागतो. दुसरें, वाजविणारा ठराविक चाल वाजवून थांबत नाहीं. तो तेथल्या तेथें नवी भर घालतो. आपल्याकडे तबलजी समेभोंवतीं जी लपंडावाची गंमत करतो, किंवा गवई जी उपज करतो, तिच्याशीं याचें नातें सहज ओळखतां येतें. तिसरें, कधीं कधीं गायक अर्थ सोडून केवळ अक्षरांवर गातो. आपला तराणा दुसरें काय करतो?

हें संगीत मुंबईस तबकड्यांवरून आधींच आलें होतें. पण प्रत्यक्ष वाजविणारे आले ते १९३५ सालीं. त्या वर्षीं लिऑन ॲबी या निग्रो व्हायोलिनवादकाचा ताफा ताजमहाल हॉटेलांत वाजूं लागला. पुढें टेडी वेदरफर्ड हा नामांकित पियानोवादकही आला. त्यांच्यापासून प्रत्यक्ष शिकले ते गोमंतकीय ख्रिस्ती वादक. गोव्यांत चर्चच्या शाळांतून मुलांस पाश्चात्त्य स्वरलिपि वाचण्याचें व व्हायोलिन वाजविण्याचें शिक्षण मिळे. शेतजमीन थोडी आणि नोकऱ्या त्याहून थोड्या. म्हणून हीं मुलें वाद्य काखेंत मारून मुंबई, कलकत्ता, रंगून, संस्थानिकांचे दरबार, जेथें पोट भरेल तेथें जात. हळदोण्यास १९१६ सालीं जन्मलेले आंतोनियो झेवियर वाझ हे त्यांतलेच. ट्रम्पेट वाजविण्यांत त्यांचा असा लौकिक झाला कीं लोक त्यांस 'चिक चॉकलेट' म्हणून ओळखूं लागले आणि लुई आर्मस्ट्राँगशीं त्यांची तुलना करूं लागले.

स्वातंत्र्य आलें, साहेबलोक गेले, संस्थानें विलीन झालीं, आणि मुंबई इलाख्यांत १९४९ सालीं दारूबंदीचा कायदा झाला. नाचघरांचें गिऱ्हाईक आटलें. या वादकांना नवें दार हवें होतें, आणि तें बोलपटांच्या ध्वनिमुद्रणशाळेंत उघडलें. त्या दाराशीं उभे होते रामचंद्र चितळकर.

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १९१८ सालीं, तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांतील पुणतांबें येथें झाला. त्यांचें संगीताचें शिक्षण नागपुरांत शंकरराव सप्रे यांच्याकडे व पुढें पुण्यास विनायकबुवा पटवर्धन यांच्या हाताखालीं झालें. आपल्या अकोला जिल्ह्यांतील मूर्तिजापूरचे वसंतराव देशपांडे हेही सप्रे यांचेच शिष्य. एकाच गुरूच्या दारांतून एक जण ख्यालाच्या व नाट्यगीताच्या वाटेनें गेला आणि दुसरा बोलपटांच्या वाटेनें. ज्याला जाझचा 'नकलाकार' म्हणून हिणविलें गेलें, त्याच्या हातीं प्रथम तानपुराच आलेला होता, ही गोष्ट टीकाकारांनीं फारशी ध्यानांत घेतली नाहीं.

चितळकर बोलपटांत आले ते नट होण्यासाठीं. १९३५ सालच्या 'नागानंद' या बोलपटांत त्यांनीं नायकाचें काम केलें. पण त्या धंद्यांत त्यांचा जम बसला नाहीं. मग मिनर्व्हा मूव्हिटोनमध्यें हार्मोनियम वाजविण्याची नोकरी धरली. संगीतदिग्दर्शक म्हणून आरंभ झाला तोही दूर मद्रासकडील तमिळ बोलपटांनीं. त्यांपैकीं १९४१ सालच्या 'वनमोहिनी'चे दिग्दर्शक होते भगवान आबाजी पालव, म्हणजेच मास्टर भगवान. दोघांचा स्नेह जमला आणि १९४२ सालीं भगवान यांच्याच 'सुखी जीवन' या हिंदी बोलपटानें चितळकरांस नांव मिळालें.

हे भगवान आपल्या अमरावतीचे. त्यांचा जन्म १९१३ सालचा, वडील गिरणीकामगार. वऱ्हाडचा कापूस ज्या मुंबईकडे गाड्या भरभरून जाई, त्या मुंबईच्या कामकरी वस्तींत हा मुलगा वाढला. मूकपटांत लहानसहान कामें करीत तो पुढें आला आणि थोड्या भांडवलांत मारामारीचे व धाडसाचे चित्रपट काढूं लागला. असे चित्रपट मोठ्या चित्रगृहांत क्वचितच लागत. गिरण्यांतले मजूर आणि लहान गांवांतले लोक हाच त्यांचा प्रेक्षक. भगवान यांचें नाचणेंही त्याच लोकांचें होतें: दोन हात अर्धवट वर, गुडघे किंचित वांकलेले, खांदे हालते आणि चेहऱ्यावर समाधान. कोणालाही न शिकतां करतां यावा, असा तो नाच होता.

आतां तबकड्यांकडे वळूं. १९४७ सालच्या 'शहनाई' या फिल्मिस्तानच्या बोलपटांत रविवारच्या भेटीचें एक विनोदी गाणें आहे. चितळकरांनीं तें मीना कपूर यांच्याबरोबर गायिलें. अमेरिकन वादक बेनी गुडमन यांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. या गाण्यांत त्यांनीं सॅक्सोफोन, गिटार व माऊथ ऑर्गन यांची जोड बांधली आणि मध्यें चक्क शीळ घातली. शीळ घालणें हें तेव्हां सभ्य घरांत वाह्यातपणाचें लक्षण समजत. तिला वाद्याच्या बरोबरीनें बसविणें हेंच पुष्कळांस झोंबलें, आणि पुष्कळांस आवडलें.

१९४९ सालच्या 'पतंगा' या बोलपटांत 'मेरे पिया गए रंगून' हें गाणें आलें. शमशाद बेगम व चितळकर हे त्याचे गायक. नवरा ब्रह्मदेशांत आणि बायको डेहराडूनला. दोघें टेलिफोनवर बोलतात, एवढाच प्रसंग. हें केवळ हंसण्यासाठीं आहे असें वाटतें. पण काळ आठवा. अवघ्या सात वर्षांपूर्वीं, १९४२ सालीं, जपानी सैन्य चालून आल्यामुळें लक्षावधि हिंदी लोक ब्रह्मदेश सोडून निघाले होते. त्यांतले कित्येक डोंगर-जंगलांतून पायीं आले, कित्येक वाटेंतच मेले. त्या रंगूनचें नांव आतां लोक हंसत हंसत गुणगुणूं लागले. दुःखाचें गांव विनोदाच्या गाण्यांत येण्यास किती वर्षें लागतात, याचें उत्तर या तबकडींत नोंदलेलें आहे. चितळकर तेथें गातात कमी आणि बोलतात अधिक. पण तें बोलणें सुरांत आणि तालांत पक्कें बसलेलें आहे. मायक्रोफोनशिवाय हें शक्यच नव्हतें.

आणि मग १९५१ सालीं 'अलबेला' आला. निर्माते, दिग्दर्शक व नायक भगवान, नायिका गीता बाली, गीतें राजेंद्र कृष्ण यांचीं, संगीत सी. रामचंद्र यांचें, आणि भगवान यांच्यासाठीं आवाज चितळकरांचा. ही गोष्टही नीट पहावी. संगीतदिग्दर्शकाच्या हाताशीं तेव्हांचे कितीतरी नामवंत गायक होते. पण नाटकाचा नाद असलेल्या, ठेंगण्या, गोलमटोल, साध्या माणसाच्या तोंडीं साध्याच माणसाचा आवाज शोभेल, हें चितळकरांनीं ओळखलें. 'शोला जो भडके' या गाण्यांत बोंगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट व सॅक्सोफोन हीं वाद्यें एकत्र आलीं. त्यांच्या तालावर लता मंगेशकर आणि चितळकर गातात तेव्हां ठेका पश्चिमेचा ऐकूं येतो आणि चाल इथलीच राहते. चिक चॉकलेट आणि त्यांचा ताफा हे या चित्रपटांतील एका गीतांत प्रत्यक्ष पडद्यावर दिसतात. ज्या हातांनीं हें संगीत घडलें त्यांपैकीं कांहीं हात प्रेक्षकांस दिसले, असे प्रसंग फार थोडे.

याच 'अलबेला'मध्यें एक अंगाईगीतही आहे, आणि तें तितकेंच मृदु व देशी आहे. चितळकरांच्या एकंदर कामाचा विचार करतांना ही बाजू विसरतां येत नाहीं. १९५३ सालच्या 'अनारकली'मध्यें त्यांनीं लताबाईंकडून भीमपलासी रागांतली अप्रतिम चीज गाऊन घेतली. १९५५ सालच्या 'आझाद'मध्यें त्यांनीं लताबाईंबरोबर जें युगुलगीत गायिलें त्यांत त्यांचा आवाज इतका मऊ झाला आहे कीं ऐकणाराला तलत महमूद यांची आठवण व्हावी. आणि २७ जानेवारी १९६३ रोजीं, चीनच्या आक्रमणानंतर, दिल्लीच्या मैदानावर पंडित नेहरूंसमोर लताबाईंनीं जें कवि प्रदीप यांचें गीत गायिलें, त्याची चालही याच माणसाची. ज्याला भीमपलासी येतो आणि ज्याला शीळही येते, त्याच्या शीळेला अज्ञानाचें फळ कसें म्हणावें?

तरीही आक्षेप होताच, आणि तो खोडून काढण्यापूर्वीं प्रामाणिकपणें मांडला पाहिजे. आक्षेप असा कीं हें सारें उसनवारीचें आहे. याला आधारही आहे. १९५० सालच्या 'समाधि' या बोलपटांत लता मंगेशकर व अमीरबाई कर्नाटकी यांनीं गायिलेलें जें गाणें घरोघर पोंचलें, त्याची चाल कार्मेन मिरांडा हिनें १९४५ सालच्या एका अमेरिकन बोलपटांत गायिलेल्या गाण्यावरून घेतलेली आहे. तेथें उसनवारी आहे हें उघड मान्य करावें. परंतु एका उचललेल्या चालीवरून सर्व काम उचललेलें ठरत नाहीं. उसनें घेणें आणि पचविणें यांत भेद आहे. पेशव्यांच्या काळांत मिरची, बटाटा, तंबाखू हीं परकीच होतीं. आज वऱ्हाडी माणसास ठेचा परका आहे असें सांगितलें तर तो रागावेल. पचलें कीं नाहीं याची परीक्षा एकच: तें सामान्य माणसाच्या नित्याच्या जीवनांत शिरलें कीं नाहीं. 'अलबेला'चीं गाणीं शिरलीं. आमच्या भागांत लग्नाच्या वरातींत बँडवाले तीं वाजवीत, आणि गणपतीच्या मिरवणुकींत ज्या ठेक्यावर पोरें नाचत तो भगवान यांचाच होता. बँडवाल्यांना जाझ हा शब्द ठाऊक नव्हता, आणि ठाऊक असण्याचें कारणही नव्हतें.

सरकारी दृष्टि मात्र वेगळी होती. १९५२ सालीं डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणीखात्याचे मंत्री झाले. ते विद्वान व शास्त्रीय संगीताचे कळकळीचे अभिमानी होते; त्या संगीतासाठीं त्यांनीं पुष्कळ केलें. परंतु बोलपटांतील गाणीं आणि त्यांतील पाश्चात्त्य वळण त्यांना हीन वाटे. त्या सुमारास आकाशवाणीवरून चित्रपटगीतें जवळजवळ नाहींशींच झालीं. नागपूर केंद्र १९४८ सालापासून सुरू होतें. पण ज्यांना हीं गाणीं हवीं होतीं त्यांनीं कांटा फिरवून रेडिओ सिलोन लावलें. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं विविधभारती सुरू झाली आणि घरच्या गाण्यांसाठीं लंकेस जाण्याचें कारण उरलें नाहीं. केसकरांचा हेतु वाईट होता असें मी म्हणत नाहीं. पण लोकांची अभिरुचि कांटा बंद करून घडवितां येत नाहीं, एवढें या पांच वर्षांनीं दाखविलें.

आतां त्या गोल कागदाकडे येतों. त्या काळच्या चित्रपटांच्या तबकड्यांवर गायकाचें नांवसुद्धां नेहमीं येत नसे. १९४९ सालच्या 'महल' चित्रपटांतील लताबाईंच्या सुप्रसिद्ध गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' असें छापलें होतें, आणि कामिनी हें तर चित्रपटांतील पात्राचें नांव! गायिकेची ही गत, तर वादकांची काय असेल? चितळकरांच्या तबकड्यांवर संगीतदिग्दर्शकाचें नांव आहे, गायकांचीं आहेत, कवीचेंही आढळतें. ट्रम्पेट कोणी वाजविला, सॅक्सोफोन कोणी, चालीभोंवतीं वाद्यमेळ कोणी बांधून दिला, याविषयीं कागद मुका आहे.

वास्तविक काम कसें चाले? दिग्दर्शक हार्मोनियमवर चाल बसवी. त्याचा गोमंतकीय साहाय्यक ती कागदावर पाश्चात्त्य स्वरलिपींत उतरवी, कोणत्या वाद्यानें केव्हां काय वाजवावें तें प्रत्येकासाठीं निराळें लिहून देई, आणि दोन कडव्यांमधील जागा भरून काढी. मग गायक आणि सारा वाद्यवृंद एकत्र बसून एका दमांत मुद्रण होई. एकाचा सूर चुकला तर सर्वांनीं पुन्हां आरंभ करावयाचा. अशा गाण्यांत 'हें माझें' आणि 'हें त्याचें' हा हिशेब करणें कठीणच. १९५७ सालच्या 'आशा' चित्रपटांतील 'ईना मीना डीका' या गाण्याची जन्मकथा प्रसिद्ध आहे. खोलीबाहेर मुलें खेळतांना कांहीं निरर्थक शब्द म्हणत होतीं. त्यांवरून चितळकर व त्यांचे साहाय्यक जॉन गोम्स यांनीं पहिली ओळ जुळविली, आणि गोम्स यांनीं 'मला नको' अशा अर्थाचे आपले कोंकणी शब्द त्यांत मिसळून दिले. किशोरकुमार आणि आशा भोसले यांनीं तें निरनिराळें गायिलें. देशभर मुलें तें गातात. त्यांत कोंकणीचा एक घांस आहे हें बहुतेकांस ठाऊक नाहीं. गोहरजाननें १९०२ सालीं गाण्याअखेर नांव उच्चारून आपली सोय करून ठेविली होती. या गोमंतकीय वादकांनीं आपलें नांव उच्चारावें अशी जागा त्या तीन मिनिटांत नव्हती.

नामांकितांचें तरी काय झालें? 'अलबेला'नें भगवान यांना वैभव दिलें. पुढचे चित्रपट पडत गेले आणि तें वैभव ओसरलें. उतारवयांत ते किरकोळ भूमिका करीत राहिले, आणि ४ फेब्रुवारी २००२ रोजीं दादरच्या चाळींतच त्यांचा अंत झाला. चिक चॉकलेट १९६७ सालीं वारले. सी. रामचंद्र ५ जानेवारी १९८२ रोजीं गेले. पण त्यांनीं 'माझ्या जीवनाची सरगम' हें आत्मचरित्र लिहून ठेविलें, म्हणून त्यांची बाजू आपल्यापर्यंत पोंचली. लिहून ठेवणाराला इतिहास जागा देतो. न लिहिणाराला ती दुसऱ्यानें मिळवून द्यावी लागते.

वऱ्हाडशीं त्यांचें नातें उत्तरायुष्यांतही एकदां उजळलें. अमरावतीचे कवि सुरेश भट यांची एक नाजूक शृंगारिक गझल 'घरकुल' या मराठी चित्रपटांत आशा भोसले यांनीं गायिली. तिची चाल सी. रामचंद्र यांचीच. अमरावतीच्या एका माणसाच्या नाचण्यासाठीं ज्यांनीं ट्रम्पेट आणि बोंगो आणले, त्यांनींच अमरावतीच्या दुसऱ्या माणसाच्या शब्दांसाठीं ते बाजूला ठेविले. कोठें काय शोभतें याची ही जाण केवळ नकलाकारास नसते.

मी आयुष्यभर मुलांना इतिहास शिकविला. पुस्तकांतील इतिहासांत नांवें पुष्कळ असतात आणि माणसें थोडीं. या तबकड्यांत उलट आहे. म्हणून माझी आपणांस एक विनंति आहे. अकोला-अमरावतीच्या जुन्या वाड्यांतून, माळ्यांवरून, बंद पडलेल्या बँडवाल्यांच्या पेट्यांतून अजून लाखेच्या तबकड्या पडलेल्या असतील. त्या वजनदार आणि ठिसूळ असतात. एकावर एक आडव्या रचल्या तर वांकतात आणि तडकतात, म्हणून उभ्या ठेवाव्या. तशाच, ज्यांनीं वरातींत क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट वाजविले असे वृद्ध वादक आपल्या गांवांत कोणी असतील तर त्यांच्याजवळ बसून त्यांचें नांव, गांव, वाद्य, तें कोणाकडून शिकले आणि कोणतीं गाणीं वाजविलीं, एवढें एका वहींत लिहून घ्यावें. मोठी विद्वत्ता त्यास लागत नाहीं. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या मजसारख्यालाही तें जमेल. तबकडीवरच्या कागदानें जीं नांवें वगळलीं, तीं निदान आपल्या वहींत तरी असावींत.